मंदीच्या दिवसांत नाशिकला काम शोधताना

मी 2009 च्या जानेवारीत शिरपूरहून नाशिकला आलो, तेव्हा जागतिक मंदीची झळ सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत पोहोचलेली होती. वाहनांच्या ऑर्डरी घटल्यामुळे सुटे भाग पुरवणाऱ्या कित्येक लहान कारखान्यांत दुसरी पाळी बंद झाली होती आणि ठेकेदारांनी आणलेली मुले सर्वांत आधी घरी बसली होती. मला काम मिळायला सात आठवडे लागले. पुढे अंबडमधल्याच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कार्यालयात, मी बरीच वर्षे काढली, 2019 सालची वाहन उद्योगातील घसरण आणि त्यानंतरची टाळेबंदी तिथूनच पाहिली, आणि गेटबाहेर उभे राहणाऱ्यांपैकी कोण टिकतो व कोण महिन्याभरात गावची एसटी धरतो, हेही जवळून पाहिले. मंदीत काम जाहिरात वाचणाऱ्याला क्वचितच मिळते. ज्या धंद्याची चाके अजून फिरत आहेत त्याच्या दाराशी, योग्य दिवशी आणि पुऱ्या कागदपत्रांसह जो हजर असतो, त्याला ते मिळते. पुढचे सारे लिखाण या हजेरीची तयारी कशी करावी, याविषयी आहे.

घर सोडण्यापूर्वी

पहिली तयारी पैशांची. किमान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून निघावे, असे मी सांगतो तेव्हा पुष्कळांना ते फार वाटते, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. मंदीत काम मिळायला सहा-सात आठवडे सहज जातात. समजा आपण महिन्याच्या 18 तारखेला कामावर रुजू झालात, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या सुमारास होणार आणि तोही केवळ तेरा दिवसांचा. पूर्ण महिन्याचे पैसे हातात पडेपर्यंत घर सोडून तीन महिने उलटलेले असतात. एवढी रक्कम जमत नसेल, तर आणखी एक हंगाम गावी काम करून मग निघणे शहाणपणाचे आहे, कारण पैसे संपत आलेला माणूस मिळेल त्या अटींवर काम स्वीकारतो आणि ठेकेदाराला ते चेहऱ्यावरून कळते.

दुसरी तयारी कागदपत्रांची, आणि इथे अनेकांचे घोडे अडते. आधार कार्डाला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा, कारण भविष्य निर्वाह निधीच्या नोंदणीपासून बँक खात्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आमच्या खान्देशातल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर ते शेवटी असते, पॅनवर वडिलांचे नावच गळालेले असते, आणि जन्मतारीख दोन ठिकाणी दोन निघते. अशा माणसाला कारखान्यातील लिपिक मुद्दाम नाकारत नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या, सगळी नावे जुळणाऱ्या माणसाला तो आधी घेतो, इतकेच. ही दुरुस्ती गावी बसून करावी, कारण पत्त्याचे आणि शाळेचे पुरावे तिथेच असतात. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आधीच्या नोकरीचा यूएएन (भविष्य निर्वाह निधीतील आपला कायमचा) क्रमांक, अनुभवपत्र, आयएफएससी कोड दिसेल असे पासबुकाचे पहिले पान आणि पासपोर्ट आकाराची डझनभर छायाचित्रे प्लास्टिकच्या पाकिटात घालून बरोबर घ्यावीत. मूळ कागद मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, मग तो कितीही विश्वासाचा वाटो. शिधापत्रिकाही सोबत असू द्यावी. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे गावच्या कार्डावरील धान्य आधारच्या पडताळणीने नाशिकच्या रास्त भाव दुकानातूनही घेता येते.

कोणत्या धंद्यात काम चालू आहे, हे कसे ओळखावे

नाशिकची कारखानदारी एका जागी नाही. सातपूर आणि अंबड या शहरालगतच्या जुन्या वसाहती आहेत. सिन्नरला माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी वसाहत आहे. मुंबईच्या रस्त्यावर वाडीवऱ्हे-गोंदे पट्टा आहे, आणि दिंडोरी तालुक्यातही कारखाने वाढत आहेत. या सगळ्यांत वाहन उद्योग आणि त्याला माल पुरवणारे लहान कारखाने यांचा वाटा मोठा असल्याने वाहनांची विक्री घटली की शहर मंदावल्यासारखे वाटते. परंतु इथे वीज उपकरणांचाही मोठा व्यवसाय आहे. स्विचगिअर, मोटार, ट्रान्सफॉर्मर यांच्या ऑर्डरी बहुधा वीज कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या दीर्घ मुदतीच्या कामांवर अवलंबून असतात, त्यामुळे मोटारींचा बाजार पडला म्हणून पॅनेल बनवणारा कारखाना त्याच महिन्यात थांबत नाही. औषधे आणि खाद्यपदार्थ यांचे उत्पादन तर आणखी कमी हलते. वाहनांच्या सुट्या भागांवर काम केलेल्या फिटरने किंवा सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्राच्या) ऑपरेटरने मंदीत आपला अर्ज या दुसऱ्या बाजूला वळवावा. मोजमाप, ड्रॉइंग वाचणे आणि यंत्राची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत, पिंपळगाव बसवंतच्या परिसरात निर्यातीची पॅकहाउसे त्या काळात जोरात चालतात. मणी छाटणे, वजन करणे, पेट्या भरणे, शीतगृहात लावणे अशा कामांना माणसे लागतात आणि त्यांत स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर काम मिळते. वाइनरींचा द्राक्षे चिरडण्याचा हंगामही याच सुमारास असतो. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्यांभोवती कांद्याची निवड, गोण्या भरणे, चढ-उतार ही कामे असतात. हे काम हंगामी आहे आणि पाठ मोडून काढणारे आहे, हे मान्य. पण कारखान्याच्या शोधात असताना शिलकीला हात न लावता दोन महिने काढायचे असतील, तर यासारखा आधार दुसरा नाही.

बांधकामाचे निराळे आहे. 2015 नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा 2027 मध्ये येत असल्याने रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत, आणि समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाल्यापासून त्या बाजूला वाहतुकीचा राबता वाढला आहे. वायरमन, प्लंबर, सेंट्रिंगचे कारागीर, जड वाहनाचा परवाना असलेले चालक यांनी ही संधी अवश्य घ्यावी. फक्त मेळ्याची कामे मेळ्याबरोबर संपतात, हे लक्षात ठेवून पुढची सोय वेळेत पाहावी.

वाणिज्य शाखेच्या पदवीधरांसाठी थोडक्यात: टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि एक्सेल यांवर हात बसलेला असेल, तर सनदी लेखापालांची कार्यालये आणि लहान कारखान्यांचे स्टोअर व डिस्पॅच विभाग इथे आधी चौकशी करावी. पदवी आहे पण हे काही येत नाही, अशा उमेदवारांची रांग फार लांब आहे.

कोणत्या कारखान्यात खरोखर काम आहे, हे ओळखण्याची माझी रीत अगदी साधी आहे. संध्याकाळी आठनंतर वसाहतीतून पायी किंवा सायकलने एक फेरी मारावी. ज्या शेडमध्ये दिवे लागलेले आहेत आणि कॉम्प्रेसरचा आवाज येतो आहे, तिथे दुसरी पाळी चालू आहे. ज्या गेटबाहेर कच्च्या मालाचा ट्रक खाली होण्याची वाट पाहत उभा आहे, तिथे पुढच्या आठवड्याचेही काम आहे. अशी दहा-बारा नावे वहीत लिहून घ्यावीत आणि सकाळी तिथेच जावे. दोनशे ठिकाणी एकच अर्ज मोबाइलवरून पाठवणाऱ्यापेक्षा या बारा नावांची वही असलेला माणूस लवकर कामाला लागतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

कुठे राहावे

काम कोणत्या बाजूला शोधायचे हे ठरल्यावरच राहण्याची जागा पाहावी; पुष्कळ जण उलटे करतात. अंबडसाठी सिडकोतील उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक किंवा चुंचाळे हा भाग सोयीचा. सातपूरसाठी अशोकनगर, श्रमिकनगर आणि सातपूर कॉलनी. सिन्नरला काम करायचे असेल तर सिन्नरमध्येच राहावे. रेल्वेने येणारे पुष्कळदा नाशिकरोडला नातेवाइकांकडे उतरतात आणि तिथूनच रोज सातपूरला जातात. जाण्यायेण्यात दिवसाचे दोन तास जातात आणि दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटल्यावर सिटीलिंकची बस मिळेलच अशी खात्री नसते. कंपनीची गाडी कोणत्या रस्त्याने जाते, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

पहिले दोन महिने कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेच्या भाड्याने, चार-पाच कामगारांबरोबर राहावे. पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा की खोलीतल्या पाच जणांपैकी तिघे वेगवेगळ्या कारखान्यांत असतात आणि कोणाकडे माणूस कमी आहे, ही बातमी जेवताना आपोआप कळते. सिडको आणि सातपूर भागात खान्देशातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे घरोघरी कानबाई, ही खान्देशातली देवी, बसते. मला पहिले काम ज्यांनी दाखवले ते काका मला कानबाईच्याच एका मांडवात, माझ्या ओळखीच्या ओळखीतून, आधीच्या वर्षी भेटलेले होते. आपण विदर्भातून, मराठवाड्यातून किंवा कोकणातून येत असाल, तर आपल्या गावचे मंडळ शोधावे. तिथे गेल्यावर 'कुठेही चिकटवा' असे म्हणू नये. कोणते काम येते आणि कोणत्या पाळीत जमेल, हे दोन वाक्यांत सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याला ते पुढे कोणाला सांगता येते.

गेटवरची भेट

टाइम ऑफिसातून पाहताना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली. पगार महिन्याच्या 7 ते 10 तारखेदरम्यान होतो आणि त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत काही माणसे न सांगता येणे बंद करतात. दिवाळीचा बोनस झाल्यावर आणि वैशाखातल्या लग्नसराईतही तेच घडते. मंदीत नवीन जागा निर्माण होत नसल्या, तरी या सोडून गेलेल्यांच्या जागा भराव्याच लागतात, आणि त्या ठेकेदार एका दिवसात भरतो, कारण माणूस न दिल्यास कंपनी त्याचे बिल कापते. म्हणून 10 ते 15 तारखेच्या दरम्यान रोज सकाळी गेटवर असावे. सामान्य पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला की पर्यवेक्षकाला किती माणसे कमी आहेत ते कळलेले असते; ती वेळ साधावी. पहिल्या दिवशी सुरक्षारक्षक परत पाठवील, दुसऱ्या दिवशीही पाठवील. तिसऱ्या दिवशी तो नाव विचारतो. सुरक्षारक्षकाशी सौजन्याने बोलावे. कोणता ठेकेदार कोणत्या विभागाला माणसे देतो, हे त्याला कारखान्यातील अनेक अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असते.

बायोडेटा एका पानाचा असावा आणि त्यात ध्येय, छंद वगैरे लिहिण्याऐवजी कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंट्रोलवर, किती महिने काम केले आणि सेटिंग येते की फक्त ऑपरेटिंग, हे स्पष्ट लिहावे. 'व्हीएमसी, फॅनुक कंट्रोल, 14 महिने, टूल ऑफसेट स्वतः देतो' ही एक ओळ पुरते. खोटे लिहिले तर ते पाच मिनिटांत उघडे पडते. आमच्याकडे क्वालिटीचे एक साहेब उमेदवाराच्या हातात व्हर्निअर कॅलिपर आणि एक तयार जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, देत आणि व्यास विचारत. त्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, 0.02 मिलिमीटर होता, म्हणजे वाचनाचा शेवटचा आकडा समच यायला हवा. उमेदवाराने '24.37' असे उत्तर दिले की साहेब पुढचे काही न विचारता जॉब परत घेत. '24.36' म्हणणारा मुलगा अनुभवी नसला तरी त्याला आत बोलावत. ज्यांच्या हाताला बरेच दिवस यंत्र लागलेले नाही, त्यांनी जुन्या आयटीआयच्या निदेशकांना विनंती करून दोन दुपारी मोजमापाचा सराव करून यावे.

सरकारी मार्गांचाही उपयोग करून घ्यावा, पण त्यांच्या भरवशावर बसून राहू नये. महास्वयम संकेतस्थळावर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी एका दुपारचे काम आहे. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या वतीने रोजगार मेळावे भरतात. तिथे सकाळी दार उघडतानाच जावे आणि मोठ्या नावाच्या टेबलासमोरील गर्दीत दिवस घालवण्याऐवजी कमी परिचित कारखान्यांची टेबले आधी उरकावीत. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या उपक्रमांवरही लक्ष असू द्यावे. संध्याकाळी नाशिकच्या 'सार्वजनिक वाचनालय' या जुन्या ग्रंथालयात स्थानिक दैनिकांतील छोट्या जाहिराती वाचता येतात. 1840 साली स्थापन झालेली ही संस्था आजही नव्याने आलेल्या माणसाला बसायला एक शांत जागा देते.

नुकताच आयटीआय झालेल्या मुलांनी मंदीच्या वर्षात शिकाऊ उमेदवारीला कमी लेखू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मिळणारे विद्यावेतन पगाराएवढे नसते आणि शेवटी नोकरीची हमीही नसते. पण त्या काळात मोठ्या कारखान्याची यंत्रे हाताळायला मिळतात आणि ते प्रमाणपत्र पुढे मंदी ओसरल्यावर कामी येते. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्ससारख्या सरकारी कारखान्यातही शिकाऊ उमेदवार घेतले जातात.

पगार ठरवताना

ठेकेदार जो आकडा तोंडी सांगतो तो आणि हातात येणारा पगार यांत मोठे अंतर असते. एक उदाहरण पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत आणि अन्य भत्ता नाही, असे धरा. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800, कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) 0.75 टक्के म्हणजे 113 आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 12,887 रुपये येतात. आता मालकाच्या बाजूने निर्वाह निधी व त्यासोबतचे आकार मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950, आणि विमा योजनेचे 3.25 टक्के, म्हणजे 488 रुपये भरले जातात. ते मिळवले की बेरीज 17,438 होते. ठेकेदार याच बेरजेला 'साडेसतरा हजारांची नोकरी' म्हणतो. तो खोटे बोलत नाही, पण खोलीचे भाडे 12,887 मधूनच द्यायचे असते. म्हणून 'महिना भरला तर हातात किती?' असाच प्रश्न विचारावा, आणि कॅन्टीन व गाडीची कपात वेगळी आहे का, हेही विचारावे.

कपात नको म्हणून निर्वाह निधीशिवाय, रोख पगारावर काम करण्याचा मोह मंदीत फार होतो. मी स्वतः पहिले पाच महिने असेच काम केले. त्या कारखान्याने एका शनिवारी सगळ्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितले, तेव्हा मी तिथे काम केले होते याचा एकही कागद माझ्याजवळ नव्हता आणि शेवटचे अठरा दिवस बुडाले. निर्वाह निधीची दरमहा होणारी नोंद हा आपण कुठे, किती काळ काम केले याचा कोणालाही नाकारता न येणारा पुरावा असतो. नवीन ठिकाणी जुनाच यूएएन क्रमांक द्यावा आणि दोन महिन्यांनी उमंग ॲपवर पैसे खरोखर जमा होत आहेत का, ते पाहावे. बेकारीच्या काळात ही रक्कम काढून घेण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. जादा कामाला दुप्पट दर आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, याही गोष्टी कायद्याने मिळतात. रुजू होताना हे सर्व ठेकेदारापुढे मोठ्याने वाचून दाखवण्याची गरज नाही. नियुक्तीपत्र शांतपणे मागावे, आणि ते मिळेपर्यंत हजेरी कार्डाचा फोटो दररोज मोबाइलमध्ये काढून ठेवावा.

नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणारा माणूस भेटला की संभाषण तिथेच थांबवावे. मंदीत असे लोक सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, हॉटेलांत आणि मोबाइलवर दोन्हीकडे वाढतात. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आणि ओझरचा विमानांचा कारखाना ही दोन नावे ते हमखास घेतात. या दोन्ही ठिकाणची भरती अधिकृत संकेतस्थळावरील जाहिरातीने आणि ठरलेल्या प्रक्रियेने होते. तिथे कोणीही कोणाला 'आतून' लावू शकत नाही. गणवेश, ओळखपत्र किंवा वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली आगाऊ मागितलेली रक्कमही याच प्रकारात मोडते.

शेवटी 'ब्रेक'विषयी सांगायला हवे. ठेक्यावरच्या कामगाराला सहा-सात महिन्यांनी काही दिवस बसवले जाते आणि मंदीत तो ब्रेक पुष्कळदा लांबत जातो. ज्या दिवशी ब्रेक सांगितला जाईल त्याच दिवशी, गेटबाहेर पडण्यापूर्वी, टाइम ऑफिसात जाऊन शेवटच्या महिन्याची पगारपावती, शिल्लक दिवसांचा हिशेब आणि अनुभवपत्र मागावे. काम संपल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सर्व वेतन चुकते करावे, असे वेतन संहिता सांगते. लिपिकाकडे त्या दिवशी आपली फाइल टेबलावर असते. आठवड्याने गेलात तर ती कपाटात गेलेली असते, आणि महिन्याने गेलात तर ठेकेदारच बदललेला असतो.